दर महिन्याला सगळ्या मशीनवर सॉफ्टवेअर टाकायचं वेळापत्रक : दुसरा शनिवार का फसतोय?

पतपेढीवाला | सोम, १२ जाने २०२६, रात्री ९:२०

मंडळी, जरा सविस्तर लिहितो. अर्धवट विचारलं की उत्तरंही अर्धवट मिळतात.

मी एका सहकारी पतसंस्थेचा संगणक विभाग सांभाळतो. विभाग म्हणजे मी आणि एक सहकारी. मुख्य कार्यालय आणि १४ शाखा मिळून १९० मशीन. डोमेन आहे (सगळी मशीन एका सर्व्हरच्या ताब्यात), डब्ल्यूसस म्हणजे मायक्रोसॉफ्टचे पॅच आणून वाटणारा सर्व्हर आहे, बाकीचं ग्रुप पॉलिसी (सगळ्या मशीनना एकदम लागू होणाऱ्या सेटिंग) आणि पॉवरशेल स्क्रिप्टवर चालतं. दर महिन्याला विंडोजचे पॅच (दुरुस्त्या), ब्राउझर, पीडीएफ रीडर आणि अधूनमधून पासबुक प्रिंटरचा ड्रायव्हर किंवा डिजिटल सहीच्या टोकनचं सॉफ्टवेअर सगळीकडे टाकावं लागतं.

दोन वर्षांपूर्वी आम्ही ठरवलं की हे काम दर महिन्याच्या दुसऱ्या शनिवारी करायचं. बँकांप्रमाणे आम्हालाही दुसऱ्या आणि चौथ्या शनिवारी सुट्टी असते. शुक्रवारी जाताना सगळ्यांनी मशीन चालू ठेवून जायचं असं परिपत्रक काढलं. शनिवारी सकाळी ११ ला वेळापत्रक सुटतं, आधी पॅच, मग बाकीची सॉफ्टवेअर, शेवटी रीस्टार्ट.

प्रत्यक्षात दर वेळी ६०-७० मशीन राहून जातात. परवा १० तारखेला ७१ राहिली. मग पुढचे दहा दिवस मी एकेका मशीनचा रिमोट (दुरून ताबा) घेत बसतो, काउंटरवरच्या माणसाला थांबावं लागतं, आणि त्याच्यासमोरचा ग्राहक ताटकळतो. मशीन चालू राहिल्याचं शाखा सांगतात, सर्व्हर म्हणतो मशीन सापडलंच नाही. मोठं व्यवस्थापन सॉफ्टवेअर विकत घेण्याआधी समजून घ्यायचंय की माझं नेमकं कुठे चुकतंय. कोणी असं काम केलं असेल तर कृपया सांगा.

---

चाकणचा_नाना | सोम, १२ जाने, रात्री १०:०५

पहिला प्रश्न सॉफ्टवेअरचा नाहीच. शाखेतून सगळ्यात शेवटी कोण निघतं, आणि निघताना ते काय काय बंद करतात?

---

पतपेढीवाला | मंगळ, १३ जाने, दुपारी १:१५

नाना, आज सकाळी पाच शाखांना फोन करून हेच विचारलं. पाचपैकी तीन ठिकाणी शिपाईमामा कुलूप लावायच्या आधी मेन स्विच पाडतात. शॉर्टसर्किटची भीती असते, आणि तशी सूचना संस्थेनेच पूर्वी दिलेली आहे. ते त्यांचं काम चोख करत होते. कर्मचाऱ्यांनीही मशीन चालूच सोडलं होतं. यूपीएस वीसेक मिनिटं दम धरतो आणि मग सगळं बसतं. दोन वर्षांत मी हा प्रश्न कुणाला विचारला नव्हता.

---

हडसनपार | मंगळ, १३ जाने, रात्री ८:४०

मेन स्विच हे एक कारण झालं. दुसरं तुमच्या कॅलेंडरमध्येच आहे, आणि मेन स्विच चालू ठेवला तरी ते जाणार नाही.

मायक्रोसॉफ्टचे मासिक पॅच ऑक्टोबर २००३ पासून महिन्याच्या दुसऱ्या मंगळवारी येतात. तुम्ही दुसरा शनिवार धरलाय. ऐकायला वाटतं की मंगळवारनंतर चार दिवसांनी शनिवार. तसं नेहमी होत नाही. महिन्याची १ तारीख रविवार, सोमवार किंवा मंगळवारी आली तरच दुसरा शनिवार दुसऱ्या मंगळवारनंतर येतो. बुध, गुरू, शुक्र किंवा शनिवारी आली तर दुसरा शनिवार तीन दिवस आधी येतो.

या महिन्यात १ तारखेला गुरुवार होता. तुमचा शनिवार १० ला होऊन गेला आणि पॅच आज, १३ ला रात्री येतायत. परवा तुम्ही ११९ मशीनवर जे टाकलंत ते डिसेंबरचं होतं. आज येणारे पॅच तुमच्या वेळापत्रकानुसार १४ फेब्रुवारीला बसतील, म्हणजे ३२ दिवसांनी.

२०२५ चं अख्खं वर्ष मांडून पाहिलं. जानेवारी, फेब्रुवारी, मार्च, मे, ऑगस्ट, ऑक्टोबर, नोव्हेंबर : बारापैकी सात महिने दुसरा शनिवार आधी आला. त्या प्रत्येक वेळी पॅच २५ किंवा ३२ दिवस नुसते सर्व्हरवर पडून राहिले.

वेळेचंही बघा. पॅच इथे अमेरिकेत पश्चिम किनाऱ्याच्या वेळेनुसार सकाळी १० ला सुटतात. भारतात तेव्हा उन्हाळ्यात रात्रीचे साडेदहा असतात आणि हिवाळ्यात साडेअकरा. तुमच्या डब्ल्यूससचं सिंक (मायक्रोसॉफ्टकडून नवं आणणं) रात्री १० ला असेल तर मंगळवारी त्याला काहीच मिळणार नाही आणि बुधवारचा पूर्ण दिवस जाईल. सिंक पहाटे ३-४ ला ठेवा.

---

पतपेढीवाला | मंगळ, १३ जाने, रात्री ९:३०

सिंक रात्री १० लाच होतं. आत्ताच पहाटे ४ केलं.

दुसऱ्या शनिवारचा हिशोब वहीत मांडून पाहिला, तुम्ही म्हणता तसाच येतो. ऑक्टोबरमध्ये विंडोज १० चा आधार १४ तारखेला संपला. त्या दिवशीचे पॅच आमच्याकडे ८ नोव्हेंबरला बसले. आणि मी संचालक मंडळाला लेखी दिलं होतं की आम्ही 'दर महिन्याला वेळेवर' पॅच मारतो. हे दुरुस्त करूनच कळवावं लागेल.

---

चाकणचा_नाना | बुध, १४ जाने, सकाळी ७:५०

सर्वांना तिळगूळ. 'दुसरा मंगळवार अधिक अमुक दिवस' असंच मोजायचं, बाकी कुठलाही वार धरायचा नाही. आम्ही मायक्रोसॉफ्टचं कॉन्फिगरेशन मॅनेजर हे व्यवस्थापन सॉफ्टवेअर वापरतो. त्यात आपोआप चालणाऱ्या नियमाला दुसरा मंगळवार देऊन पुढे किती दिवस सरकवायचं ते सांगता येतं. ही सोय नव्हती तेव्हा आमच्याकडेही 'दुसरा बुधवार' लिहिलेला होता. ज्या महिन्यात १ तारखेला बुधवार येतो, त्या महिन्यात दुसरा बुधवार ८ ला आणि मंगळवार १४ ला. नियम ८ ला चालायचा, त्याला नवीन काहीच सापडायचं नाही, आणि अहवाल हिरवागार. काहीच टाकलं नाही म्हणून काहीच चुकलं नाही! हिरवा अहवाल बघून स्वस्थ बसायचं नाही, हे तेव्हापासून पक्कं डोक्यात आहे.

तुमच्याकडे स्क्रिप्ट आहे, तर तारीख तिलाच काढू द्या. ८ ते १४ मधला जो मंगळवार, तो दुसरा मंगळवार. एका ओळीचं काम आहे.

---

मांडवीकाठ | बुध, १४ जाने, दुपारी ३:१०

मी पणजीजवळच्या एका हॉटेलात हेच काम करतो. आमचं उलटं आहे. रिसेप्शन चोवीस तास चालू, रात्री दीड-दोनला नाइट ऑडिट (दिवसाचा हिशोब बंद करणं), त्यामुळे 'ऑफिस सुटल्यावर' अशी वेळच नाही. बॅक ऑफिसची मशीन मात्र तुमच्यासारखीच संध्याकाळी बंद.

मी पीडीक्यू डिप्लॉय हे मशीनवर सॉफ्टवेअर ढकलणारं साधन वापरतो. त्यातल्या दोन गोष्टींनी माझा जीव वाचवला. एक म्हणजे हार्टबीट नावाचा ट्रिगर. घड्याळात किती वाजले ते न बघता, बंद असलेलं मशीन चालू झालेलं दिसलं की काम सुरू. दुसरी म्हणजे एक खूण करायची असते, की ज्या मशीनवर एकदा यशस्वी झालं तिथे पुन्हा जाऊ नकोस. ही खूण केली नव्हती तेव्हा दर सोमवारचं वेळापत्रक दर सोमवारी तोच पीडीएफ रीडर त्याच मशीनवर पुन्हा बसवत होतं. लोकांनी उघडलेल्या फायली बंद पडायच्या, आणि मला वाटायचं सॉफ्टवेअरच खराब आहे.

पण या खुणेची दुसरी बाजूही ध्यानात ठेवा. मशीन फॉरमॅट करून दिलं, नाव तेच राहिलं, तर वेळापत्रक म्हणतं 'इथे झालंय' आणि नव्या मशीनवर काहीच येत नाही. म्हणून मी आता 'झालं की नाही' ही आठवण वेळापत्रकाकडे ठेवत नाही. मशीनलाच विचारतो, तुझ्याकडे कुठली आवृत्ती आहे. जुनी असेल तरच टाकतो. मग वेळापत्रक दिवसातून दहा वेळा चाललं तरी कुणाला कळतही नाही.

---

उत्सुक_वाचक | बुध, १४ जाने, दुपारी ४:००

वाचतोय. आमच्या कॉलेजच्या लॅबचंही हेच दुखणं आहे. खूण ठेवतो.

---

चाकणचा_नाना | बुध, १४ जाने, रात्री ९:१५

मांडवीकाठ यांचं शेवटचं वाक्य मोठ्या अक्षरात लिहून भिंतीवर लावावं असं आहे. पतपेढीवाले, तुमची स्क्रिप्ट आवृत्ती कशी तपासते ते इथे सांगाल का?

---

पतपेढीवाला | बुध, १४ जाने, रात्री १०:००

स्क्रिप्ट विन३२_प्रॉडक्ट या वर्गाला (विंडोजकडची बसवलेल्या सॉफ्टवेअरची यादी) विचारते, त्यात नाव सापडलं की आवृत्ती बघते. इन्स्टॉलरने शून्य परत दिला तर यशस्वी, नाहीतर अयशस्वी अशी नोंद होते, आणि अयशस्वी असेल तर दुसऱ्या दिवशी पुन्हा प्रयत्न.

---

चाकणचा_नाना | बुध, १४ जाने, रात्री ११:२०

दोन्ही ठिकाणी खड्डा आहे. मीही दोन्हींत पडून आलोय, म्हणून लांबण लावतो.

विन३२_प्रॉडक्टला नुसतं विचारलं तरी विंडोज इन्स्टॉलर मशीनवरच्या प्रत्येक एमएसआय (विंडोज इन्स्टॉलरनेच बसवलेल्या) सॉफ्टवेअरची तपासणी सुरू करतो आणि गरज वाटली तर दुरुस्तीही करतो. ॲप्लिकेशन लॉगमध्ये १०३५ क्रमांकाच्या नोंदींची रांग लागलेली दिसेल. चार जीबी रॅमच्या जुन्या मशीनवर हे रोज सकाळी चाललं तर शाखा म्हणणारच की 'सकाळी कॉम्प्युटर हळू चालतो'. त्याऐवजी रजिस्ट्रीतल्या (विंडोजच्या सेटिंगच्या नोंदवहीतल्या) अनइन्स्टॉलच्या नोंदी वाचा. ६४ बिटच्या मशीनवर ३२ बिट सॉफ्टवेअरच्या नोंदी वेगळ्या फांदीत असतात, त्या विसरू नका.

आता इन्स्टॉलरचं उत्तर. शून्य म्हणजे यशस्वी हे खरं, पण ३०१० म्हणजेही यशस्वीच, फक्त रीस्टार्ट बाकी आहे. १६४१ म्हणजे यशस्वी आणि रीस्टार्ट सुरूही झालाय. तुमची स्क्रिप्ट या दोघांना नापास करते आणि दुसऱ्या दिवशी तेच सॉफ्टवेअर पुन्हा टाकायला घेते. १६१८ आला तर त्याच वेळी दुसरं काहीतरी इन्स्टॉल चालू आहे, दहा मिनिटांनी पुन्हा यायचं. तुम्ही पॅच आणि बाकीची सॉफ्टवेअर पाठोपाठ सोडता, म्हणजे हा तर भरपूर येत असणार. १६०३ आला तरच खरी पंचाईत, तिथे लॉग उघडून वाचावा लागतो.

७१ पैकी किती ३०१० आणि १६१८ आहेत ते एकदा मोजा.

---

पतपेढीवाला | गुरु, १५ जाने, सायं. ६:४५

मोजले. ७१ पैकी ३८ मशीन खरोखर बंद होती. १९ मध्ये ३०१०, म्हणजे काम झालेलंच होतं. ९ मध्ये १६१८. उरलेल्या ५ मध्ये खरा बिघाड. त्या १९ मशीनवर मी गेले दोन दिवस रिमोट घेऊन तेच पुन्हा टाकत होतो.

नाना, तुमचे आभार कसे मानू कळत नाही.

---

काउंटर_नं_३ | शुक्र, १६ जाने, रात्री ९:५०

मी तंत्रज्ञ नाही. दुसऱ्या एका संस्थेत गेली १७ वर्षं काउंटरवर बसते. धागा वाचून राहवलं नाही.

तुम्ही सगळे मशीन कधी चालू असतं ते मोजताय. आम्ही कधी मोकळ्या असतो तेही मोजा. गेल्या वर्षी ठेवीची पावती छापत असताना माझं मशीन आपोआप रीस्टार्ट झालं. समोर ऐंशीच्या घरातले आजोबा होते, रिक्षा बाहेर थांबवून आलेले. नोंद झाली की नाही तेच कळेना. पावती पुन्हा छापावी तर दोनदा पडायची भीती. अर्धा तास ते उभे होते, आणि मी त्यांना सांगत होते की कॉम्प्युटर अपडेट होतोय. त्यांना त्यातलं काय कळणार? त्यांना वाटलं पैशांचं काहीतरी झालं.

आमचा दिवस असा असतो. साडेनऊला येतो, मशीन सुरू करतो, दिवा लावतो, तिजोरी उघडून रोकड घेतो. दहाला ग्राहक. त्या पंचवीस मिनिटांत मशीन नुसतं सुरू असतं. दुपारी दोन ते अडीच जेवणाची सुट्टी. संध्याकाळी साडेचार ते सहा रोकड जुळवायची, तेव्हा पडद्यावर चिटपाखरूसुद्धा येता कामा नये. दर सोमवारी आणि महिन्याच्या १ ते ५ तारखेला गर्दी. पेन्शन, पगार, हप्ते सगळं तेव्हाच.

हे आम्हाला आजवर कुणी विचारलेलं नाही. विचारलंत तर आम्ही नक्की सांगू.

---

पतपेढीवाला | शुक्र, १६ जाने, रात्री १०:३०

ताई, तुमचा प्रतिसाद या धाग्यातला सर्वांत मोलाचा आहे. मी सुट्टीचा दिवस शोधत बसलो आणि सुट्टीला तर सगळं बंद असतं. साडेनऊ ते दहा ही वेळ माझ्या डोक्यातच आली नव्हती.

---

टर्मिनल_तात्या | शनि, १७ जाने, सकाळी ११:००

नाशिकमधल्या एका शाळेच्या दोन लॅब बघतो, ६४ मशीन, सगळीकडे उबुंटू (लिनक्स). तिथेही हाच धडा मिळाला. क्रॉनमध्ये, म्हणजे ठरल्या वेळी काम चालवणाऱ्या सोयीत, रात्री २ लिहिलं आणि मशीन रात्री बंद, तर ते काम कायमचं राहतं. क्रॉन मागचं काढून बसत नाही. त्याऐवजी सिस्टिमडीच्या टायमरला पर्सिस्टंट चालू केलं की मशीन उठल्या उठल्या चुकलेलं काम करतं. सोबत यादृच्छिक उशीर द्यायचा, म्हणजे ६४ मशीन एकाच मिनिटाला इंटरनेटवर तुटून पडत नाहीत. उबुंटूच्या स्वतःच्या अपडेट टायमरमध्ये हे दोन्ही आधीपासून असतं.

विंडोजच्या टास्क शेड्यूलरमध्येही या दोन्ही सोयी आहेत. 'ठरलेली वेळ चुकली तर जमेल तितक्या लवकर चालव' ही खूण मुळात बंद असते, ती करा. आणि 'वीजजोडणी असेल तरच चालव' ही मुळात चालू असते. लॅपटॉप बॅटरीवर असला की काम होतच नाही आणि माणूस कारण शोधत बसतो.

---

मांडवीकाठ | शनि, १७ जाने, दुपारी १:२०

तात्यांच्या यादीत एक भर. विंडोजचं फास्ट स्टार्टअप. माणूस शट डाउन करतो तेव्हा विंडोज पूर्ण बंद होत नाही, गाभा झोपवून डिस्कवर ठेवतो आणि सकाळी तोच उठवतो. त्यामुळे 'मशीन सुरू होताना' असा ट्रिगर दिलेलं टास्क आणि ग्रुप पॉलिसीची स्टार्टअप स्क्रिप्ट चालत नाही. रीस्टार्टसाठी खोळंबलेले पॅचही तसेच राहतात. कर्मचारी म्हणतो मी रोज बंद करतो, आणि मशीन सांगतं मी ४० दिवसांपासून चालू आहे. दोघंही खरं बोलत असतात! ग्रुप पॉलिसीतून फास्ट स्टार्टअप बंद करा. एसएसडी असेल तर सकाळच्या वेळेत फारसा फरक पडत नाही.

आणि टास्क सिस्टिम खात्याने चालवत असाल तर शेअर फोल्डरला 'डोमेन कॉम्प्युटर्स' या गटाची वाचायची परवानगी लागते. सिस्टिम खातं नेटवर्कवर मशीनच्या नावाने जातं. यात माझे तीन दिवस गेले होते.

---

पतपेढीवाला | रवि, १८ जाने, दुपारी १२:१०

साडेनऊच्या वेळेत एक अडचण दिसतेय. शाखांना १० एमबीपीएसची लाइन आहे, सर्व्हर मुख्य कार्यालयात. एका शाखेत सरासरी १२ मशीन. पॅच ८०० एमबीचा धरला तर बारा मशीनचे ९.६ जीबी. लाइन पूर्ण मिळाली तरी दोन तासांहून जास्त. दहाला कोअर बँकिंग याच लाइनवर सुरू होतं.

---

हडसनपार | रवि, १८ जाने, रात्री ८:१५

आणणं आणि बसवणं वेगळं करा. डाउनलोड आदल्या दोन-तीन दिवसांत हळूहळू होऊ द्या. बिट्सला (विंडोजची मागच्या मागे डाउनलोड करणारी सेवा) ग्रुप पॉलिसीतून कामाच्या वेळेत वेगाची मर्यादा घालता येते. साडेनऊला फक्त बसवायचं, तेव्हा लाइनवर काहीच जात नाही.

डिलिव्हरी ऑप्टिमायझेशन चालू असेल तर शाखेतलं एक मशीन पॅच आणतं आणि बाकीची त्याच्याकडून घेतात. बारा प्रतींऐवजी लाइनवरून जवळपास एकच जाते, म्हणजे ११-१२ मिनिटांचं काम. पण ४ जीबीपेक्षा कमी रॅमची मशीन या देवाणघेवाणीत मुळात भाग घेत नाहीत, ती मर्यादा पॉलिसीत बदलता येते. तुमच्या स्क्रिप्टने जाणाऱ्या सॉफ्टवेअरला हे लागू नाही. त्यासाठी शाखेतल्या एका मशीनवर फोल्डर ठेवून आधी तिथे कॉपी करा.

आता मला ज्याची जास्त काळजी वाटते ते. सगळ्या १९० वर एकाच सकाळी टाकू नका. १९ जुलै २०२४ आठवा. क्राउडस्ट्राइक या सुरक्षा कंपनीची एक सदोष फाइल भारतीय वेळेनुसार सकाळी ९:३९ ला सुटली आणि १०:५७ ला मागे घेतली. सव्वा तासात, मायक्रोसॉफ्टच्या अंदाजानुसार, जगभरची ८५ लाख विंडोज मशीन निळ्या पडद्यावर अडकली. भारतातल्या विमानतळांवर हाताने लिहिलेले बोर्डिंग पास दिले गेले. फाइल मागे घेऊनही अडकलेली बहुतेक मशीन आपोआप उठली नाहीत. माणसाला एकेका मशीनसमोर बसून सेफ मोडमध्ये ती फाइल काढावी लागली, आणि बिटलॉकर (डिस्कचं कुलूप) असेल तिथे आधी त्याची ४८ आकडी किल्ली शोधावी लागली. ती फाइल ग्राहकांनी ठरवलेल्या टप्प्यांना न जुमानता सगळीकडे एकदम गेली होती.

तुमच्या १४ शाखा किती तालुक्यांत पसरल्यात मला माहीत नाही, पण माणसं दोनच आहात. पहिला टप्पा १०-१२ मशीनचा, तुमचं स्वतःचं त्यात हवंच. प्रत्येक प्रकारचं एकेक घ्या : पासबुक प्रिंटरचं, चेक स्कॅनरचं, टोकनचं, बोटाच्या ठशाचं. मग दोन-तीन शाखा. मग सगळे.

---

उरणकर | सोम, १९ जाने, रात्री १०:४०

टप्पे हवेतच, पण टप्प्यांच्या नावाखाली पॅच महिनोन्महिने रेंगाळू देऊ नका.

मी तेव्हा कंटेनर वाहतुकीच्या कागदपत्रांचं काम करायचो. २७ जून २०१७ ला नॉटपेट्या हा घातक प्रोग्रॅम पसरला, मर्स्क या जहाज कंपनीच्या समूहाची यंत्रणा जगभर बसली आणि आमच्याकडे जेएनपीटी बंदरातल्या एका टर्मिनलचं काम ठप्प झालं. ट्रकवाले रस्त्यावर, माल अडकलेला, आणि कुणालाच सांगता येईना की कधी सुरू होईल. तो ज्या फटीतून पसरला तिचा पॅच १४ मार्च २०१७ ला आलेला होता. मंगळवारच होता तो, दुसरा. मे महिन्यात वॉनाक्राय हा तसलाच प्रोग्रॅम त्याच फटीतून येऊन गेला होता, तरीही जूनपर्यंत जगातली कितीतरी मशीन उघडी होती.

पण पॅच मारलेली मशीनही गेली, ते जास्त महत्त्वाचं. नॉटपेट्या एका मशीनच्या मेमरीतून ॲडमिनचा पासवर्ड उचलायचा आणि पीएसएक्झेक व डब्ल्यूएमआय या दुरून काम चालवणाऱ्या साधनांनी पुढच्या मशीनवर चालून जायचा. सॉफ्टवेअर सगळीकडे ढकलायला आपण हीच हत्यारं वापरतो. आणि पहिल्यांदा तो शिरला तो युक्रेनमधल्या एका हिशोबाच्या सॉफ्टवेअरच्या अधिकृत अपडेटमधून.

म्हणून सगळ्या १९० मशीनवर चालणारं एकच ॲडमिन खातं असेल तर वेळापत्रकाआधी ते सोडवा. लोकल ॲडमिनचा पासवर्ड प्रत्येक मशीनवर वेगळा हवा. एप्रिल २०२३ पासून विंडोज लॅप्स (हे पासवर्ड वेगवेगळे ठेवणारी सोय) यंत्रणेतच आहे, वेगळं काही घ्यावं लागत नाही.

---

पतपेढीवाला | सोम, १९ जाने, रात्री ११:०५

एकच खातं आहे आणि १९० ठिकाणी एकच पासवर्ड आहे. या आठवड्यात हेच काम आधी.

---

चाकणचा_नाना | मंगळ, २० जाने, सकाळी ८:००

वेळापत्रकाबाहेरची एक वाटही लिहून ठेवा. गेल्या दिवाळीत, २३ ऑक्टोबरला, खुद्द डब्ल्यूससमधल्या फटीसाठी तातडीचा पॅच आला. १४ तारखेच्या पॅचने ती फट पुरती बुजली नव्हती. त्या दिवशी भाऊबीज होती. अशा वेळी कोण फोन उचलणार, सर्व्हर कोण रीस्टार्ट करणार, शाखांना कोण कळवणार, ही नावं आधी ठरलेली हवीत. आणि डब्ल्यूससमध्ये आता नवीन सोयी येणार नाहीत हे मायक्रोसॉफ्टने सप्टेंबर २०२४ मध्ये जाहीर केलंय. चालतंय तोवर वापरा, पण पुढच्या अंदाजपत्रकात पर्यायाची तरतूद मागून ठेवा.

---

पतपेढीवाला | शुक्र, २७ फेब्रु, रात्री ९:४५

महिनाभर गायब होतो, काम चालू होतं. काय केलं ते सांगतो.

लॅप्स सुरू झालं, जुना पासवर्ड गेला. फास्ट स्टार्टअप बंद. स्क्रिप्ट आता रजिस्ट्री वाचते, ३०१० आणि १६४१ ला पास करते, १६१८ आला तर दहा मिनिटं थांबून तीनदा प्रयत्न करते. शुक्रवारी मशीन चालू ठेवायचं परिपत्रक मागे घेतलं. शिपाईमामांना कळवलं की मेन स्विच पाडत राहा, तुमचं बरोबर आहे.

१० फेब्रुवारीला रात्री पॅच आले. गुरुवारी १२ ला पहिल्या टप्प्यातली १२ मशीन. एका चेक स्कॅनरने मान टाकली, ड्रायव्हर नवा घ्यावा लागला. हेच १४ शाखांत एकदम झालं असतं तर पुढचे दोन दिवस क्लिअरिंग अडलं असतं. १७ ला तीन शाखा, सोमवार मुद्दाम टाळला. १९ ला शिवजयंतीची सुट्टी, म्हणून २० पासून बाकी सगळे, सकाळी ९:३५ नंतर ज्याचं मशीन सुरू होईल तसं. रीस्टार्ट त्याच वेळेत झाला तर झाला, नाहीतर दुपारी दोनला विचारतो, आणि तेव्हाही नको म्हटलं तर संध्याकाळी बंद करताना.

आज १९० पैकी १८४ पूर्ण. उरलेल्या सहापैकी चार दुरुस्तीला गेलीत, एक रजेवरच्या माणसाच्या कपाटात आहे, एकावर १६०३, त्याचा लॉग वाचतोय. या महिन्यात एकदाही ग्राहक समोर असताना रिमोट घ्यावा लागला नाही.

मार्चचे पॅच १० ला येतील. २० पर्यंत सगळं उरकून २३ ते ३१ मार्च कुठल्याही मशीनला हात लावायचा नाही असं लेखी घेतलंय. अपवाद फक्त तातडीच्या पॅचचा, आणि त्यासाठी तीन नावं ठरलीत.

काउंटर_नं_३ ताई, दुपारी दोनला पडद्यावर येणारी सूचना मी अशी लिहिली आहे, बघाल का? 'आपल्या संगणकाचे अद्ययावतीकरण पूर्ण करण्याकरिता पुनःप्रारंभ आवश्यक आहे. कृपया आपले कार्य जतन करावे.'

---

काउंटर_नं_३ | शुक्र, २७ फेब्रु, रात्री १०:३०

वाचून खूप बरं वाटलं.

सूचना अशी लिहा : 'मशीन एकदा बंद होऊन चालू होणार आहे. साधारण ८ मिनिटं लागतील. समोर ग्राहक असेल तर "नंतर" दाबा. काही हरवणार नाही.' किती मिनिटं लागतात ते तुमचं तुम्ही मोजून टाका, पण आकडा खरा हवा. आणि 'नंतर'चं बटण मोठं ठेवा, आमच्यातल्या निम्म्या जणींना जवळचा चष्मा आहे.

---

पतपेढीवाला | शनि, २८ फेब्रु, सकाळी १०:१५

काल रात्रीच बदललं. पाच मशीनवर मोजलं, सर्वांत जुन्याला ११ मिनिटं लागली, म्हणून ११ लिहिलंय. चौथा शनिवार म्हणून आज सुट्टी, मशीन सगळी बंद आहेत. सोमवारी महिन्याची २ तारीख, गर्दीचा दिवस, मंगळवारी धुळवडीची सुट्टी, तेव्हा ही सूचना बुधवारी सकाळपासून सुरू करतो.